जुगाराची जाहिरात कोणत्या रूपात येते आणि का? बॅनरपासून टेलिग्रामपर्यंतची तीस वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली जास्तीची बडबड छाटली आहे, बाकी सगळं तेच आहे.

आजचा विषय आहे ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती. त्यातही मला एकाच गोष्टीवर बोलायचंय, ती म्हणजे फॉरमॅट. जाहिरात कधी पट्टी म्हणून येते, कधी पॉप-अप म्हणून, कधी बातमीच्या वेषात, कधी खेळाडूच्या जर्सीवर, तर कधी रात्री साडेअकरा वाजता नोटिफिकेशन म्हणून. हे रूप कोण निवडतं? कशावरून निवडतं? आणि गेल्या तीस वर्षांत ते इतक्या वेळा का बदललं?

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे कुठलीही सिस्टिम बघितली की माझा पहिला प्रश्न असतो, ही नक्की काय मोजतेय? जाहिरातींनाही तोच प्रश्न विचारायचा. या इतिहासात फॉरमॅट दोन गोष्टींवरून ठरत आलाय. एक, जाहिरात दाखवणाऱ्याला पैसे कशाचे मिळतात. दोन, कायद्याने त्या वेळी कुठलं दार बंद केलंय. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं आपोआप उलगडत जाईल.

मटक्याला जाहिरात लागली नाही

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमधले कापसाचे उघडते आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचे आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या आणि आकडा काढायचा, म्हणून नाव मटका. नंतर चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले.

हा धंदा बेकायदा होता. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा तर १८८७ चा. त्यामुळे उघड जाहिरात करण्याचा प्रश्नच नव्हता. पण गरजही पडली नाही. आकडा हीच जाहिरात होती. 'ओपन' काय आला, 'क्लोज' काय आला, हे तोंडोतोंडी गावभर व्हायचं. आकडा घेणारा माणूस ओळखीचा, गल्लीतला. त्याच्यावर विश्वास होता म्हणून पैसे त्याच्या हातात जायचे. हा 'ओळखीचा माणूस' नीट लक्षात ठेवा. साठ वर्षांनी तो टेलिग्रामवर परत भेटणार आहे.

१९९४: दोन गोष्टी एकाच वर्षी

१९९४ मध्ये अँटिग्वा आणि बार्बुडा या कॅरिबियन बेटांच्या छोट्याशा देशाने एक कायदा केला. फ्री ट्रेड अँड प्रोसेसिंग ॲक्ट. त्यातून ऑनलाइन जुगाराच्या कंपन्यांना तिथे लायसन्स घेण्याची वाट मोकळी झाली. सर्व्हर बेटावर, गिऱ्हाईक जगभर.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला अमेरिकेत हॉटवायर्ड नावाच्या साइटवर वेबवरचे पहिले बॅनर झळकले. त्यातला एटी अँड टीचा बॅनर आजही इतिहासात सांगितला जातो, कारण तो बघणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांनी त्यावर क्लिक केलं, असं म्हणतात. आज शंभर लोकांनी बॅनर पाहिला आणि एकाने क्लिक केलं तरी जाहिरातवाले खूश होतात.

तेव्हा हिशोब सोपा होता. जाहिरात किती वेळा दिसली, त्याप्रमाणे पैसे. दर हजार वेळा दिसण्याचा भाव म्हणजे सीपीएम. छापील मासिकासारखंच. पण लोकांना बॅनरची सवय झाली, डोळे आपोआप ती पट्टी वगळायला लागले, आणि क्लिक कोसळले. १९९६ पासून खऱ्या पैशांचा ऑनलाइन जुगार सुरू झाला होता, आणि या कंपन्यांना नुसतं दिसून चालणार नव्हतं. त्यांना माणूस आत यायला हवा होता.

पॉप-अप: जो एका कारवाल्यासाठी जन्मला

पॉप-अपचा जन्म जुगारासाठी झालेला नाही. नव्वदच्या दशकात ट्रायपॉड नावाच्या वेबसाइटवर ईथन झुकरमन काम करत होते. एका कार कंपनीची जाहिरात एका अश्लील पानावर दिसली आणि कंपनी भडकली. जाहिरात त्या पानाशी जोडलेली दिसू नये म्हणून झुकरमन यांनी ती वेगळ्या खिडकीत उघडणारा कोड लिहिला. पुढे २०१४ मध्ये 'द अटलांटिक'मध्ये लेख लिहून त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

पण कोड एकदा बाहेर पडला की कोण कशाला वापरेल यावर कुणाचा ताबा राहत नाही. २००० च्या आसपास ऑनलाइन कॅसिनोंनी हा फॉरमॅट उचलला. कॅसिनो-ऑन-नेट, म्हणजे नंतरची ८८८ ही कंपनी, त्या काळात सगळ्यात जास्त पॉप-अप दाखवणाऱ्यांपैकी एक होती. मग आला पॉप-अंडर. नवी खिडकी उघडायची आणि लगेच फोकस जुन्या खिडकीला द्यायचा. दोन ओळींचा कोड. तुम्हाला काही कळत नाही, आणि ब्राउझर बंद करताना खाली कॅसिनो वाट बघत असतो. कुठल्या साइटने तो उघडला हेसुद्धा आठवत नाही, त्यामुळे शिव्या कुणाला द्यायच्या हाही प्रश्नच.

हा फॉरमॅट जुगाराला का मानवला? कारण तो प्रचंड स्वस्त होता. लाखभर लोकांच्या स्क्रीनवर खिडकी उघडा, त्यातले मूठभर लोक पैसे भरतील, आणि त्यातला एखादा महिनोन् महिने भरत राहील. त्या एकावर बाकी सगळ्यांचा खर्च वसूल. ज्या धंद्यात एक गिऱ्हाईक इतकं कमावून देतं, त्याला उरलेले लाखभर लोक वैतागले तरी परवडतं. साबण विकणाऱ्याला हे परवडत नाही, कारण वैतागलेला माणूस उद्या दुसरा साबण घेतो.

ऑगस्ट २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररला पॉप-अप ब्लॉकर दिला. एक दार जरा बंद झालं.

अमेरिका दारं लावते, जाहिरात खिडकीतून येते

त्याच सुमारास अमेरिकेचं सरकारही मागे लागलं. जून २००३ मध्ये न्याय खात्याने टीव्ही-रेडिओवाल्यांच्या संघटनेला पत्र पाठवलं. परदेशी जुगाराची जाहिरात दाखवणं म्हणजे गुन्ह्याला मदत करणं ठरू शकतं, असा त्याचा अर्थ. एप्रिल २००४ मध्ये गूगल आणि याहूने जुगाराच्या जाहिराती बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात सरकारने डिस्कव्हरी कंपनीकडचे ३२ लाख डॉलर जप्त केले. एका पोकर साइटने जाहिरातींसाठी भरलेले होते ते. आणि डिसेंबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, गूगल आणि याहू या तिघांनी मिळून ३.१५ कोटी डॉलरची तडजोड केली, जुन्या जुगार जाहिरातींच्या प्रकरणात.

या दबावातून दोन फॉरमॅट जन्मले, आणि दोन्ही आजच्या भारताशी थेट जोडलेले आहेत.

पहिला, तमाशाचा. गोल्डनपॅलेस डॉट कॉम नावाच्या कॅसिनोने बॉक्सरच्या पाठीवर नाव रंगवलं. २००४ च्या सुपर बोलमध्ये मैदानात विवस्त्र धावलेल्या माणसाच्या अंगावर त्यांचंच नाव होतं. त्याच वर्षी ईबेवर एक जुनं सँडविच विकायला आलं, ज्यावर मदर मेरीचा चेहरा दिसतो असं मालकीण म्हणत होती. कॅसिनोने ते २८,००० डॉलरला घेतलं! सँडविच खायचं नव्हतंच. जाहिरात विकत घेता येत नसेल तर बातमी विकत घ्यायची, एवढाच हिशोब. बातमीवर बंदी नव्हती.

दुसरा, डॉट नेटचा. २००३ मध्ये टेनेसीतला एक अकाउंटंट, ख्रिस मनीमेकर (खरंच हेच आडनाव), ऑनलाइन छोट्या स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरला पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. पोकरचं वेड लागलं, पण टीव्हीवर जाहिरात कशी करणार? मग कंपन्यांनी एकाच नावाच्या दोन साइट ठेवल्या. डॉट कॉमवर खरे पैसे, डॉट नेटवर फुकटचा सराव. टीव्हीवर जाहिरात डॉट नेटची. कायद्याने विचारलं तर आम्ही तर फुकटचा खेळ शिकवतोय! आपल्याकडे सोड्याच्या बाटलीवर दारूचं नाव असतं ना, अगदी तेच. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेने जुगाराच्या पैशांचे व्यवहारच रोखणारा कायदा केला, तेव्हा कुठे हा प्रकार थंडावला.

ब्रिटन: जाहिरातीला घड्याळ मिळालं

ब्रिटनने उलटी वाट घेतली. २००५ चा गॅम्ब्लिंग ॲक्ट १ सप्टेंबर २००७ पासून पूर्ण लागू झाला आणि टीव्हीवर सट्ट्याच्या जाहिराती खुल्या झाल्या. ऑफकॉम या तिथल्या नियामक संस्थेचे आकडे बघा. २००७ मध्ये टीव्हीवर जुगाराच्या सुमारे २ लाख ३४ हजार जाहिराती लागल्या. २०१२ मध्ये १३ लाख ९० हजार.

पण मला त्या संख्येपेक्षा फॉरमॅटमधला बदल महत्त्वाचा वाटतो. फुटबॉल मॅचच्या मध्यंतरात बेट३६५ च्या जाहिरातीत अभिनेता रे विन्स्टन यायचा आणि त्या क्षणाचे भाव सांगायचा. पुढचा गोल कोण करेल, कितीला किती. म्हणजे जाहिरात आता चालू सामन्याला जोडलेली होती. तुम्ही आधीच उत्तेजित आहात, फोन हातात आहे, आणि भाव दहा मिनिटांत बदलणार आहेत. विचार करायला वेळच नाही.

त्याआधीच्या जाहिराती 'हा माणूस कोण आहे' हे शोधायच्या. इथून पुढे 'हा माणूस या क्षणी कुठल्या अवस्थेत आहे' हे महत्त्वाचं झालं. लोक वैतागले, मुलं सट्ट्याचे भाव पाठ म्हणायला लागली, आणि ऑगस्ट २०१९ पासून कंपन्यांनी स्वतःहून बंधन घातलं. रात्री नऊच्या आधी, सामना सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधीपासून संपल्यानंतर पाच मिनिटांपर्यंत टीव्हीवर जाहिरात नाही. जर्सीवर आणि मैदानाकडेच्या बोर्डवर मात्र नावं झळकत राहिली, आणि सोशल मीडियाला तर हा नियम लागूच नव्हता.

पैसे कशाचे मिळतात: इथे खरी गोम आहे

आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ॲफिलिएट मार्केटिंग. १९९६ मध्ये ॲमेझॉनने ही पद्धत लोकप्रिय केली. तुमच्या साइटवरच्या लिंकवरून कुणी पुस्तक घेतलं की तुम्हाला कमिशन. निरुपद्रवी वाटतं. जुगाराने ती घेतली आणि कमिशनचे दोन प्रकार झाले.

एक, सीपीए. कुणी नोंदणी करून पहिल्यांदा पैसे भरले की एकदाच ठरलेली रक्कम. दुसरा, रेव्हेन्यू शेअर. तुम्ही आणलेल्या माणसाकडून कॅसिनोला जे उत्पन्न होतं त्यातला हिस्सा. २५ ते ४० टक्के असे दर या धंद्यात सर्रास दिसतात, आणि बरेचदा तो माणूस खेळतोय तोपर्यंत मिळत राहतात.

आता सावकाश विचार करा. कॅसिनोचं उत्पन्न म्हणजे काय? खेळणाऱ्याने हरलेले पैसे. म्हणजे ज्या 'भावा'ने तुम्हाला लिंक दिली, त्याला तुमच्या हरण्यातला वाटा मिळतो. तुम्ही जिंकलात तर त्याच्या खात्यात शून्य. हे कुठलं षड्यंत्र वगैरे नाही, करारातलं साधं कलम आहे.

तांत्रिक बाजू पण साधी आहे. लिंकला एक क्लिक आयडी चिकटवलेला असतो. तुम्ही पैसे भरलेत की कॅसिनोचा सर्व्हर जाहिरातवाल्याच्या सर्व्हरला कळवतो, या आयडीवाल्याने पैसे भरले. याला पोस्टबॅक म्हणतात. मग सिस्टिम शिकते. कुठला फॉरमॅट, कुठला फोन, कुठली वेळ, कुठलं शहर, यातून पैसे भरणारे लोक येतात. पुढचं बजेट तिकडे. फॉरमॅट निवडायला आता माणसाच्या अंदाजाची फारशी गरज उरत नाही. आणि या सगळ्यात 'या माणसाला हे परवडतंय का' असा रकानाच नसतो.

याचा परिणाम बघायचा तर २०१७ चा ब्रिटन बघा. एक पान फिरत होतं, बातमीसारखं दिसणारं. कर्जात बुडालेला माणूस, गंभीर आजारी बायको, आणि ऑनलाइन कॅसिनोमुळे सगळं सुटलं, अशी गोष्ट. ती जाहिरात होती, ॲफिलिएट लोकांनी बनवलेली. तिथल्या जाहिरात नियामक संस्थेने लॅडब्रोक्स, स्काय व्हेगस, ८८८ आणि कॅसुमो यांना त्यासाठी दोषी धरलं. त्याच महिन्यात स्कायच्या बेटिंग कंपनीने आपला ब्रिटनमधला ॲफिलिएट कार्यक्रमच बंद केला. पैसे नुकसानीवर मिळत असतील, तर गोष्ट कर्जबाजारी माणसाचीच लिहिली जाणार. त्याच्याइतकं घाईला आलेलं गिऱ्हाईक दुसरं कोण?

आणि मग आपण

भारतात दोन समांतर रस्ते होते. पहिला उघड रस्ता फँटसी आणि रमीचा. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फँटसी क्रिकेटला कौशल्याचा खेळ मानलं, आणि तिथून जाहिरातींना बळ आलं. २०२० मध्ये ड्रीम११ ने २२२ कोटींना आयपीएलचं मुख्य प्रायोजकत्व घेतलं. २०२३ मध्ये तेच नाव भारतीय संघाच्या जर्सीवर आलं. डिसेंबर २०२० पासून जाहिरात क्षेत्राच्या आस्की या संस्थेने नियम केला. व्यसन आणि आर्थिक जोखमीचा इशारा जाहिरातीच्या किमान २० टक्के जागेत हवा, आणि तो नेहमीच्या बोलण्याच्या वेगात वाचायला हवा. शेवटच्या दोन सेकंदांत श्वास न घेता बोलणारा तो आवाज तुम्हाला आठवत असेलच.

दुसरा रस्ता परदेशी सट्टेबाजी साइटचा. जून २०२२ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने अशा जाहिराती टाळायला सांगितलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये परत सूचना काढावी लागली, कारण आता बातम्यांच्या नावाखाली जाहिराती येत होत्या. नाव आणि लोगो सट्ट्याच्या साइटचा, शेवटी जोडलेला शब्द 'न्यूज'. अमेरिकेचा डॉट नेट जवळपास वीस वर्षांनी आपल्याकडे क्रीडा बातम्या होऊन आला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ड्रीम११ ने पैशांचे खेळ बंद केले, जर्सीवरचं नाव गेलं, सप्टेंबरमध्ये तिथे अपोलो टायर्स आलं.

मग आता तुमच्या फोनवर काय येतं?

इतिहास बघितला तर अंदाज बांधणं अवघड नाही. उघड दार बंद झालं की जाहिरात जिथे कमी उजेड आहे तिथे जाते.

वेब पुश नोटिफिकेशन. क्रोममध्ये हे २०१५ पासून आहे. एखाद्या फुकट सिनेमाच्या साइटवर 'मी रोबो नाही, अलाऊ दाबा' असं येतं. तुम्ही दाबता. तो कॅप्चा नव्हता, परवानगी होती. त्यानंतर ती साइट बंद असली तरी नोटिफिकेशन येत राहतात, टॉस झाला, शेवटच्या पाच ओव्हर राहिल्या, अशा नेमक्या वेळी. रे विन्स्टनचं मध्यंतर आता तुमच्या खिशात आहे. उपाय सोपा आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स, आणि अनोळखी साइट काढून टाका. अर्ध्या मिनिटाचं काम.

पॉप-अंडरही मेलेला नाही. पायरेटेड मॅच बघताना पहिल्या टॅपला जी दुसरी टॅब उघडते, ती तीच.

आणि टेलिग्राम. चॅनेलवरचा 'भाई' आज फुकट टीप देतो, उद्या जिंकल्याचा स्क्रीनशॉट टाकतो, परवा लिंक आणि एपीके फाइल. प्ले स्टोअरवर नसलेलं ॲप बाहेरून टाकायला सांगतो. हाच तो मटक्याचा ओळखीचा माणूस. फरक एवढाच की गल्लीतल्या माणसाला तुमचं घर माहीत होतं, आणि तुम्हाला त्याचं. इथे तुमच्याकडे फक्त एक प्रोफाइल फोटो आहे आणि त्याच्याकडे तुमचा क्लिक आयडी.

म्हणून यापुढे अशी जाहिरात दिसली की ती किती आकर्षक आहे ते बघत बसू नका. लिंक उघडायच्या आधी पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर काय शेपूट लावलंय ते बघा. आणि मनात एकच प्रश्न विचारा, मी इथे पैसे हरलो तर हे सांगणाऱ्याला काही मिळतं का? उत्तर 'हो' असेल, तर त्याची टीप कितीही खरी वाटली तरी तो तुमच्या बाजूने बसलेला नाही.

मित्रांपैकी कुणी यात अडकलंय असं वाटत असेल तर त्याला आधी उपदेश करू नका, हिशोब विचारा. किती गेले, कुणाकडून घेतले. आणि गरज वाटली तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आजच्या भागात एवढंच. ज्या मित्राच्या फोनवर 'टॉस अलर्ट' येतात त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात, तोपर्यंत नोटिफिकेशन्सची ती यादी एकदा साफ करून घ्या!